शाईच्या पुडीपासून तारापूरच्या रंगांपर्यंत : कॅम्लिनची वाटचाल आणि हस्तांतराच्या खुणा

पालघर, बोईसर, केळवे, सफाळे, डहाणू या पट्ट्यातल्या जुन्या घरांत माळा आवरायला काढला की कॅमलची एखादी वस्तू बहुधा हाती लागते. शाईची रिकामी बाटली, झाकण वाकलेली कंपासपेटी, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला घेतलेल्या पोस्टर कलरच्या बाटल्या, तळाशी गोंद वाळून पिवळा पडलेली कॅमल गमची बाटली. या वस्तूंमधल्या पुष्कळशा आपल्याच जिल्ह्यातल्या तारापूर औद्योगिक वसाहतीशी नाते सांगतात. ज्या कंपनीने त्या बनवल्या तिचे नाव, रूप आणि मालकी नव्वदहून अधिक वर्षांत अनेकदा बदलली. हे बदल कंपनीच्या कागदपत्रांत नोंदले गेलेच, पण बाटलीच्या लेबलावर, खोक्याच्या कडेवर आणि पत्त्याच्या ओळीतही ते उतरले. म्हणून या लेखात संस्थेचा इतिहास सांगताना तो वस्तूंवरून कसा वाचायचा, हेही सांगायचे आहे. विशेषतः २०११ च्या हस्तांतराच्या आगेमागे बनलेला माल कसा ओळखावा, याकडे अधिक लक्ष दिले आहे.

स्थापना

१९३१ साली दि. प. दांडेकर आणि त्यांचे बंधू गो. प. दांडेकर यांनी मुंबईत ‘दांडेकर आणि कंपनी’ या नावाने शाईचा व्यवसाय सुरू केला. सुरुवातीचा माल होता ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि शाईच्या वड्या. पाण्यात कालवायची, दौतीत ओतायची आणि टाकाने लिहायचे, असा तो काळ होता. फाउंटन पेन मात्र झपाट्याने येत होते आणि त्यात भरायची शाई बहुतेक परदेशी होती. ज्या वर्षी दांडेकर बंधूंनी पुड्या बांधायला घेतल्या, त्याच १९३१ मध्ये अमेरिकेच्या पार्कर कंपनीने आपली ‘क्विंक’ शाई बाजारात आणली. सविनय कायदेभंगाच्या त्या दिवसांत स्वदेशी मालाबद्दल लोकांच्या मनात ओढ होती, पण शाई स्वदेशी असून भागत नव्हते. ती निबेत सुकता कामा नये, तिचा गाळ बसता कामा नये आणि तिने कागदावर फुटता कामा नये. गुणवत्तेची ही परीक्षा देऊनच ‘कॅमल’ शाई फाउंटन पेनसाठी उभी राहिली.

१९४६ मध्ये व्यवसायाची मर्यादित कंपनी झाली. ‘कॅमल’ आणि ‘इंक’ मिळून झालेले ‘कॅम्लिन’ हे नाव पुढे घरोघरी पोचले. उंटाचे चित्र मात्र त्याहून जुने आहे आणि लोकांच्या बोलण्यातही ‘कॅमल’च अधिक रुळले. आजही दुकानात ‘कॅमलची कंपास द्या’ असेच मागितले जाते.

शाईकडून रंगांकडे

पुढच्या पिढीतले सुभाष दांडेकर यांनी स्कॉटलंडमध्ये ग्लासगो येथे जाऊन रंगरसायनाचा अभ्यास केला आणि १९६४ मध्ये कंपनीने चित्रकारांसाठी ‘कॅमल’ रंग आणले. या पावलाचे मोल समजून घ्यायला तेव्हाची परिस्थिती आठवावी लागेल. चांगले चित्रकलेचे रंग म्हणजे विलायती रंग, असे समीकरण होते. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई झाली, आयातीवर निर्बंध आले आणि कलाशाळांतल्या विद्यार्थ्यांना हे रंग मिळणे आणखी अवघड झाले.

रंग बनवणे हे शाईपेक्षा वेगळे शास्त्र आहे. शाईत रंगद्रव्य पाण्यात पूर्ण विरघळते. चित्रकलेच्या रंगात ते विरघळत नाही, त्याचे बारीक कण माध्यमात घोटावे लागतात. जलरंगासाठी बाभळीच्या जातीचा डिंक लागतो, तैलरंगासाठी जवसाचे तेल, तर तेलखडूसाठी मेण आणि न सुकणारे तेल. एकावर एक फिरणाऱ्या तीन रुळांच्या यंत्रातून मिश्रण पुन्हा पुन्हा काढले तरच कण सारखे होतात. दर वेळी त्याच क्रमांकाच्या ट्यूबमधून तोच निळा निघाला पाहिजे, ही चित्रकाराची साधी अपेक्षा पुरी करण्यात कारखान्याचे सगळे कसब लागते.

अखिल भारतीय कॅमल रंग स्पर्धेमुळे हे नाव शाळाशाळांत गेले. आपल्या भागात त्याला आणखी एक संदर्भ आहे. शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जाणारी वारली चित्रे कागदावर आणि कापडावर उतरली, तेव्हा अनेक कलाकारांनी पिठाच्या जागी पांढरा पोस्टर कलर हाती घेतला. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रकला जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकलेचा इतका जिवंत वारसा असलेल्या मुलुखात रंगांचा कारखाना असावा, ही आपल्या जिल्ह्यासाठी आनंदाची गोष्ट आहे.

तारापूर

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये वीज देऊ लागले आणि बोईसर हे नाव देशाच्या नकाशावर आले. त्यानंतरच्या काळात बोईसरलगत तारापूर औद्योगिक वसाहत वाढत गेली. औषधे, रसायने, कापड आणि पोलादाचे कारखाने तिथे उभे राहिले आणि त्यांत कॅम्लिननेही आपला कारखाना थाटला. मुंबईतली जागा अपुरी पडत होती, पश्चिम रेल्वे हाताशी होती आणि सरावली, सालवड, पास्थळ, कोलवडे, कुंभवली या गावांतून व आसपासच्या पाड्यांवरून कामाला माणसे मिळत होती. पुढे तळोजा, पाताळगंगा आणि जम्मूजवळचे सांबा इथेही कंपनीचे कारखाने झाले.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. लेबलावरचे ‘तारापूर’ म्हणजे किल्ल्याचे तारापूर गाव नव्हे. वसाहतीला तारापूर नाव आहे, पण तिचे स्थानक, बाजारपेठ आणि दैनंदिन व्यवहार बोईसरचा आहे. म्हणून एकाच कारखान्याचा पत्ता कधी तारापूर, कधी बोईसर, तर कधी दोन्ही नावांनी छापलेला दिसतो. त्यावरून दोन वेगळे कारखाने समजू नयेत.

२०११ चे हस्तांतर

२०११ मध्ये जपानच्या कोकुयो समूहाने कॅम्लिनमधला निम्म्याहून अधिक हिस्सा घेण्याचा करार केला आणि कंपनीचे नाव ‘कोकुयो कॅम्लिन लिमिटेड’ झाले. दांडेकर कुटुंब कंपनीतून बाहेर पडले नाही. अध्यक्षपद दिलीप दांडेकर यांच्याकडे आणि उपाध्यक्षपद श्रीराम दांडेकर यांच्याकडे राहिले.

कोकुयोची मुळेही आपल्या ओळखीच्या मातीतली वाटावीत अशी आहेत. झेंतारो कुरोदा यांनी १९०५ मध्ये ओसाकात हिशेबाच्या वह्यांची कव्हरे बनवायला सुरुवात केली, त्यातून हा समूह वाढला. १९७५ मध्ये आलेली त्यांची ‘कॅम्पस’ वही जपानी विद्यार्थ्यांच्या दप्तरात पक्की बसली. एका घराण्याने वहीच्या कव्हरापासून आरंभ केला, दुसऱ्याने शाईच्या पुडीपासून. लिहिण्याच्या कामाला लागणाऱ्या या दोन वस्तू ऐंशी वर्षांनी एका नावाखाली आल्या.

सुभाष दांडेकर यांचे १५ जुलै २०२४ रोजी निधन झाले. ज्यांनी शाईच्या कंपनीला रंगांची कंपनी बनवले, त्यांच्या जाण्याने एक पर्व संपले.

जुन्या बंदुकांच्या अभ्यासकांची रीत

कारखान्याची मालकी बदलते तेव्हा माल एका दिवसात बदलत नाही. ही गोष्ट सर्वांत बारकाईने कोणी तपासली असेल, तर ती जुन्या छऱ्याच्या बंदुकांच्या अभ्यासकांनी. अमेरिकेतल्या मेरिडेन गावची पार्कर ब्रदर्स ही दुनळी बंदुकांची नामांकित पेढी १९३४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने घेतली. काम काही वर्षे जुन्याच गावात चालले आणि मग रेमिंग्टनच्या इलियन येथील कारखान्यात गेले. फिलाडेल्फियाची ए. एच. फॉक्स ही पेढी १९२९ च्या अखेरीस सॅव्हेज कंपनीकडे गेली आणि उत्पादन युटिका शहरात हलले. जुन्या कारखान्यात तयार झालेले भाग नव्या कारखान्यात जोडले गेले. त्यामुळे नळीवर एका शहराचे नाव आणि जोडणी दुसऱ्या शहरातली, अशा बंदुका सापडतात. त्या बनावट ठरत नाहीत, हस्तांतराच्या काळातल्या म्हणून त्यांची ओळख उलट अधिक पक्की होते.

तिसरे उदाहरण आपल्या विषयाला थेट भिडते. सिराक्यूजच्या एल. सी. स्मिथ यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस आपला बंदुकांचा धंदा फुल्टनच्या हंटर बंधूंना विकला आणि स्वतः टंकलेखन यंत्रांकडे वळले. त्यांच्या घराण्याच्या टंकयंत्रांचे नाव पुढे ‘स्मिथ-कोरोना’ म्हणून जगभर गेले. बंदुकांवर मात्र स्मिथ यांचे नाव त्यानंतर सहा दशके छापले जात राहिले. १९४५ मध्ये धंदा मार्लिन कंपनीकडे गेला, तरीही नाव तेच होते. वस्तूवरचे नाव विक्रीची ओळख सांगते, मालक सांगत नाही. मालक शोधायचा तर पत्ता, क्रमांक आणि सुट्या भागांवरच्या खुणा पाहाव्या लागतात.

या अभ्यासकांचा मूळ नियम सोपा आहे. वस्तूवरच्या सर्वांत नव्या खुणेपेक्षा वस्तू जुनी असू शकत नाही. जुन्या खुणा कितीही असोत, वस्तू सर्वांत आधी केव्हाची असू शकते, ही हद्द एकच नवी खूण ठरवते. हा नियम शाईच्या बाटलीलाही तितकाच लागू पडतो.

ओळखीच्या खुणा

पहिली खूण मापाची. देशात दशमान मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी सक्तीची झाली. लेबलावर फक्त औंस असतील तर बाटली त्याआधीची. दोन औंसांची बाटली मिलिलिटरमध्ये सुमारे ५७ भरते. ‘६० मिलि’ असा सरळ आकडा दिसला, तर दशमान मापे रुळल्यानंतरचा माल समजावा.

दुसरी खूण किमतीची. किंमत आण्यांत असेल, तर ती १ एप्रिल १९५७ पूर्वीची. ‘नये पैसे’ असतील, तर १९५७ ते १९६४ या सात वर्षांतली. नुसते ‘पैसे’ त्यानंतरचे. रुपयाचे आजचे चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारले गेले, त्यामुळे ते चिन्ह छापलेले खोके त्याआधीचे असणे शक्य नाही. २०११ च्या हस्तांतराजवळचा माल तपासताना ही खूण फार उपयोगी पडते. ‘कॅम्लिन लिमिटेड’ हे जुने नाव आणि रुपयाचे नवे चिन्ह एकाच खोक्यावर दिसले, तर तो छपाईचा मजकूर जुलै २०१० नंतरचा आणि नामांतर प्रत्यक्ष लेबलांवर येण्यापूर्वीचा ठरतो.

तिसरी खूण कंपनीच्या नावाच्या शेपटाची. १९५६ च्या कंपनी कायद्याने खासगी कंपन्यांना नावात ‘प्रायव्हेट’ शब्द लावणे बंधनकारक केले. त्यापूर्वी खासगी कंपनीही नुसती ‘लिमिटेड’ असे. कॅम्लिन पुढे सार्वजनिक कंपनी झाली, तेव्हा तो शब्द पुन्हा गळाला. म्हणून नुसते ‘लिमिटेड’ पाहून घाईने निष्कर्ष काढू नये, ते फार जुन्या मालावरही असू शकते आणि नंतरच्याही. ‘प्रायव्हेट’ असेल तर मात्र मधला काळ निश्चित होतो.

चौथी खूण पत्त्याची. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. ही पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ संस्कृतचे नामवंत कवीही होते. त्याआधी मुंबईच्या पत्त्यात एक किंवा दोन आकडी विभाग क्रमांक असे. अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगर भागासाठी ‘मुंबई ५९’ लिहिले जाई, त्याचेच पुढे ४०००५९ झाले. कॅम्लिन हाउसचा हा पत्ता अनेक वर्षे कंपनीच्या मालावर होता. नंतर नोंदणीकृत कार्यालय अंधेरीच्याच औद्योगिक वसाहतीतल्या हिल्टन हाउसमध्ये गेले आणि पिनकोड ४०००९३ झाला. इंग्रजी पत्त्यात ‘बॉम्बे’ असेल तर तो मजकूर बहुधा १९९५ पूर्वीचा, ‘मुंबई’ असेल तर नंतरचा.

पाचवी खूण खास आपली. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला, त्यापूर्वी बोईसर ठाणे जिल्ह्यात होते. ज्या खोक्यावर कारखान्याच्या पत्त्यात जिल्हा छापलेला आहे, तिथे तीन पायऱ्या लागतात. ‘कॅम्लिन लिमिटेड’ आणि ‘जि. ठाणे’ म्हणजे हस्तांतरापूर्वीचा मजकूर. ‘कोकुयो कॅम्लिन’ आणि ‘जि. ठाणे’ म्हणजे साधारण २०११ ते २०१४ मधला. ‘कोकुयो कॅम्लिन’ आणि ‘जि. पालघर’ म्हणजे त्यानंतरचा. यातली मधली पायरी सर्वांत अरुंद आहे, म्हणून तिचे नमुने जपण्यासारखे आहेत. मालकी बदलली होती पण जिल्हा बदलला नव्हता, अशी ती जेमतेम तीन वर्षे.

सहावी खूण कायद्याने दिलेली. पॅकबंद वस्तूंसाठी १९७७ मध्ये नियम आले. उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन किंवा माप, महिना-वर्ष आणि किंमत छापणे त्यांनी आवश्यक केले. म्हणून १९७७ नंतरच्या मालावर इतर खुणा न शोधता आधी महिना-वर्षाचा शिक्का पाहावा. शाईचा शिक्का पुसट झाला असेल, तर तिरप्या प्रकाशात धरावा. पट्ट्यांचा बारकोड ८९० या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तो भारतात नोंदलेला आणि १९९० च्या दशकापासून पुढचा मानावा.

फसगतीच्या जागा

लेबल आणि वस्तू यांचे वय एकच असेल असे नाही. छापून ठेवलेली लेबले, खोकी आणि झाकणे संपेपर्यंत वापरली जातात, ही सगळ्याच कारखान्यांची रीत आहे. काचेच्या बाटलीचा आणि पत्र्याच्या पेटीचा साचा तर वर्षानुवर्षे चालतो. म्हणून बाटलीच्या बुडावरची उठावाची खूण जुनी आणि लेबल नवे, असे वारंवार घडते. त्यावरून कोणी फसवले असे समजू नये.

दुसरी जागा घरातली आहे. शाईची बाटली पुन्हा भरली जायची आणि कंपासपेटीतले हरवलेले कर्कटक दुसऱ्या पेटीतून यायचे. एका पेटीत तीन पिढ्यांची साधने निघू शकतात. पेटीचे वय पेटीवरून आणि साधनाचे वय साधनावरून स्वतंत्रपणे ठरवावे.

तिसरी जागा नावाची. तारापूर वसाहतीत ‘कॅम्लिन फाइन सायन्सेस’ नावाची कंपनीही आहे. ती अन्न टिकवण्यासाठी लागणारी अँटिऑक्सिडंट रसायने बनवते. मूळ कॅम्लिनच्या रसायन विभागातून ती वेगळी झाली आणि तिची मालकी कोकुयोकडे गेलेली नाही. वसाहतीतल्या जुन्या पिंपावर, पोत्यावर किंवा फलकावर ‘कॅम्लिन’ दिसले, तर पुढचा शब्द वाचल्याशिवाय ते लेखनसाहित्याच्या कंपनीचे ठरवू नये.

आणि एक खूण अशी आहे, जी हस्तांतराने बदललीच नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार प्रत्येक कंपनीने आपल्या पत्रांवर ओळख क्रमांक छापायचा असतो. त्यात कंपनीचे राज्य आणि स्थापनेचे वर्ष असते. कोकुयो कॅम्लिनच्या क्रमांकात आजही महाराष्ट्र आहे आणि १९४६ हे साल आहे. बहुसंख्य समभाग दुसऱ्याकडे गेले, तरी कायद्याच्या दृष्टीने संस्था तीच आहे. हस्तांतर म्हणजे जुन्या संस्थेचा शेवट, असे मानणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

पुढचे काम

१९३१ च्या त्या शाईच्या पुडीला २०३१ मध्ये शंभर वर्षे पूर्ण होतील. तोवर पालघर-बोईसरच्या लोकांनी आपल्यापुरते एक काम करून ठेवावे, अशी कळकळीची विनंती आहे. जुनी बाटली सापडली तर ती घासून लखलखीत करू नये, कारण घासताना लेबल जाते आणि लेबलाबरोबर पुरावाही जातो. खोके असेल तर बाटलीसोबतच ठेवावे. बूड, झाकण आणि पत्त्याची ओळ यांचे वेगवेगळे फोटो काढावेत. वस्तू कोणत्या घरात, कोणासाठी आणि कोणत्या इयत्तेत घेतली, हे चिठ्ठीवर लिहून ठेवावे. शाळांच्या कलाशिक्षकांनी कपाटातले अर्धवट संच टाकून देऊ नयेत.

याहून मोठा ठेवा निवृत्त कामगारांकडे आहे. कोणत्या साली कोणते यंत्र आले, जुन्या नावाची लेबले केव्हा संपली, नव्या नावाचे पहिले खोके पाळीवर कधी आले, कोणता रंग कोणत्या कारखान्यात हलला, हे त्यांनी हातांनी केलेले काम आहे. ताळेबंदात हे सापडणार नाही. त्यांच्याजवळ बसून, नाव आणि साल लिहून, हे सगळे उतरवून घेतले पाहिजे. आपल्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या आणि वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना यापेक्षा जवळचा प्रकल्प मिळणार नाही.

वसाहतीतल्या अनेक कारखान्यांचे मालक बदलले आहेत, आणखीही बदलतील. प्रत्येक बदलात कागद एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जातात आणि काही वाटेत हरवतात. बनवलेला माल मात्र घराघरांत पसरलेला असतो आणि तो बनवणारी माणसे याच गावांत राहतात. तारापूर वसाहतीचा खरा दप्तरखाना त्यांच्याकडे आहे, आणि तो आपण आजच जपायला घेतला पाहिजे.